नवरा तेलात, मी काँक्रीटमध्ये

अबू धाबीतल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमधल्या आरशाशेजारी, जिथे एरवी 'टाकी धुणार, दुपारी पाणी बंद' असले कागद चिकटवलेले असतात, तिथेच ती नोटीस लागली होती. वर अरबी, खाली इंग्रजी, तळाशी गोल शिक्का. यापुढे कुणाच्याही भाडेकराराचं, म्हणजे इथल्या बोलीत तौसीकचं, नूतनीकरण होणार नाही. ज्याची मुदत जशी संपेल तशी त्याने चावी परत करावी. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या, म्हणून त्या घरात टेकवून नोटिशीचा फोटो काढला आणि तशीच खाली गेले. नातूर पार्किंगमध्ये कुणाची तरी लँड क्रूझर पुसत होता. नातूर म्हणजे इथला वॉचमन, प्लंबर, पोस्टमन आणि गाड्या धुणारा, सगळं एकच माणूस. आमचा नातूर मलप्पुरमचा, आम्ही राहायला आलो त्याच्याही आधीपासून या इमारतीत. काय झालं म्हणून विचारलं. मान वर न करता त्याने आखाती हिंदीत सांगितलं, "बिल्डिंग बुड्ढा हो गया, मॅडम. अभी तोडेगा." आणि फडकं पिळून मागच्या काचेकडे वळला.

बुड्ढा! ही इमारत आमच्या लग्नापेक्षा लहान आहे.

माझं माहेर गिरगावातलं, चाळीतलं. लाकडी जिना, मधोमध झिजून खोलगट झालेल्या पायऱ्या, आणि दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या खोलीखाली नवा टेकू. जूनच्या आधी म्हाडाची धोकादायक इमारतींची यादी पेपरात यायची आणि वडील ती दहावीच्या निकालासारखी बोट फिरवत वाचायचे. आपलं नाव नाही असं दिसलं की चहा टाकायला सांगायचे. त्या चाळीत माझ्या पणजोबांनी बिऱ्हाड थाटलं होतं. छतातून माती पडायची, भिंतीत पिंपळ उगवायचा, तरी "इमारत जुनी झाली" हे वाक्य आमच्याकडे तक्रार म्हणून कमी आणि अभिमानाने जास्त उच्चारलं जायचं. त्यामुळे पंचवीस-सव्वीस वर्षांच्या, लिफ्ट चालणाऱ्या, नळाला पाणी असणाऱ्या, कुठे भेग नसलेल्या इमारतीला कुणी म्हातारी म्हटलं तर ते माझ्या पचनी पडत नाही. खरं तर इतक्या वर्षांत पडायला हवं होतं. कारण मी धंद्याने क्वांटिटी सर्व्हेअर. नवरा तेलात, मी काँक्रीटमध्ये, असं आम्ही नवीन ओळखीच्या लोकांना गमतीने सांगतो. तो महिनाभर समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर आणि महिनाभर घरी. मी बारा महिने कंत्राटदाराच्या ऑफिसात, कुठल्या मजल्याला किती घनमीटर काँक्रीट, किती टन सळई, किती चौरस मीटर फरशी याची बिलं करत. इमारतीकडे बघून डोळे ओले करण्याचा हक्क या शहरात ज्यांना सगळ्यात कमी, त्यांतली मी एक.

आता कुणी म्हणेल, इथली हवाच तशी. त्यात तथ्य आहे. अबू धाबी शहर मुळात एक बेट. थोडं खणलं की पाणी लागतं आणि ते समुद्राइतकं किंवा त्याहून खारट असतं. तळघर करायचं तर आधी महिनोन् महिने पंप लावून उपसा करत बसावं लागतं; नव्या साइटच्या शेजारी राहणाऱ्याला त्या पंपांची घरघर रात्री उशीखाली ऐकू येते. सत्तरच्या दशकात जी घाईघाईने उभी राहिली त्या इमारतींच्या काँक्रीटमध्ये खारी वाळू गेली, खारं पाणी गेलं. क्षार सळईपर्यंत पोचले की सळई गंजते, गंजली की फुगते, आणि वरचं काँक्रीट पापुद्र्यांनी सुटून यायला लागतं. माझ्या पहिल्या वरिष्ठाने, हैदराबादच्या एका इंजिनिअरसाहेबांनी, मला एका जुन्या बाल्कनीखाली उभं करून सळईचा तो तपकिरी भुगा हातावर घेऊन दाखवला होता. पण आमची इमारत नव्वदच्या दशकातली. तोवर हे धडे गिरवून झाले होते. पायाला खालून-बाजूंनी पाणीरोधक थर, तपासलेली वाळू, सळईवर जास्त जाडीचं आवरण. अशी इमारत सहज पन्नास वर्षं काढते. अर्ध्यातच तिला म्हातारी ठरवणारी गोष्ट प्रयोगशाळेत सापडत नाही, ती मालकाच्या वहीत असते.

तेलाचा पैसा लोकांपर्यंत पोचवायचा कसा, हा प्रश्न या शहराने एका खास पद्धतीने सोडवला. शहरातले भूखंड स्थानिक कुटुंबांना दिले गेले. मग ऐंशीच्या दशकात, सगळे ज्याला 'खलिफा कमिटी' म्हणत त्या सरकारी खात्याने त्या भूखंडांवर भाड्याच्या इमारती उभारायला कर्ज दिलं. माणसं बाहेरून येतच होती, त्यांना घरं हवी होती. भाडं येई, त्यातून कर्ज फिटे, उरलेलं मालकाच्या घरी जाई. ज्या कुटुंबाच्या आजोबांनी मोत्यांसाठी बुड्या मारल्या असतील, त्याच्या नातवंडांना अशी मिळकत मिळाली यात मला तरी वावगं काही दिसत नाही. फक्त त्यामुळे एक झालं. इथल्या मधल्या शहरातली इमारत जन्मतःच मिळकत आहे. मालक तिच्यात राहत नाही आणि राहणारा तिचा मालक होऊ शकत नाही. परदेशी माणसाला घर विकत घ्यायचं तर त्यासाठी राखून ठेवलेल्या नव्या वस्त्यांत जावं लागतं. रीम बेटावर पोहण्याचा तलाव, जिम आणि समुद्राचा देखावा देणारे टॉवर झाले, तिथे भाडेकरू सरकले, जुन्या इमारतीचं भाडं उतरलं, आणि एके दिवशी वहीतला आकडा सांगतो की आता जमीन मोलाची, वरचं बांधकाम बिनमोलाचं. नोटीस लागते. यात कुणी दुष्ट नाही. आमच्या मालकाला आम्ही कधी पाहिलेलंही नाही, चेकवर नाव लिहिण्यापुरती ओळख.

अबू धाबीबद्दल कुणी जीव लावून बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं ते खेडच्या खाडीपट्ट्यात, सासरी. आमच्या वाडीच्या पलीकडे मोहल्ला आहे. त्या मोहल्ल्यातले पुरुष आधी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईहून जहाजांवर जायचे, मग आखातात जायला लागले. तिथले एक चाचा सत्तरच्या दशकात शटरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओतायचे साचे करणारे, सुतार म्हणून इथे आले होते. मी इकडे यायला निघाले तेव्हा सासऱ्यांनी मला त्यांच्याकडे मुद्दाम नेलं, जणू परगावी निघालेल्या सुनेला तिथल्या नातेवाइकांचा पत्ता द्यावा तसं. चाचांनी जे शहर सांगितलं ते नुकतं सुरू झालेलं होतं. त्यांच्या आधीपासून असलेल्या माणसांकडून त्यांनी ऐकलेलं, की दहा-पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत इथे एक पांढरा किल्ला, खजुराच्या झापांची घरं आणि बाकी वाळू. मोत्यांचे दिवस जपान्यांच्या लागवडीच्या मोत्यांनी कधीच संपवले होते. ते मोती विकायला इथली माणसं पूर्वी मुंबईला यायची, ही गोष्ट चाचा असे सांगत की वाटावं, आपणही कधी तरी कुणाला तरी दिलेलं होतं. रुपयाचंही तसंच. १९६६ पर्यंत इथे रुपया चालायचा, रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा काढलेला. ती नोट चाचांनी पाहिली नव्हती, पण खिशात असल्यासारखं बोलायचे.

इतिहास मी पुढे इथे आल्यावर वाचला. १९५८ मध्ये समुद्रात तेल लागलं, १९६२ मध्ये दास बेटावरून पहिली खेप गेली, पण पैसा वापरायला तेव्हाचे शासक शेख शखबूत बिचकत होते. ऑगस्ट १९६६ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ शेख झायेद गादीवर आले आणि मग थांबणं नव्हतं. दोन वर्षांत बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा मक्ता पूल झाला. आधी ताकाहाशी नावाचे जपानी नियोजनकार आले, त्यांच्या पाठोपाठ इजिप्तचे अब्दुलरहमान मखलूफ. आज आपण ज्या सरळ, रुंद, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांवर सिग्नलला वैतागत उभे असतो, ते जाळं त्या काळचं. शेख हातातल्या काठीने वाळूत रेघ ओढून रस्ता कुठून जाईल ते दाखवत, असं सांगतात. मला ती गोष्ट आवडते, पण माझ्यातला सर्व्हेअर लगेच विचारतो, त्या रेघेचं मोजमाप कुणी घेतलं?

तर चाचांनी मला एक काम सांगितलं होतं. हमदान रस्त्याच्या मागच्या अंगाला, जुन्या सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, बाजूला, सहा माळ्यांची एक इमारत, बाहेरून निळी-पांढरी बारीक फरशी. तिच्या प्रत्येक स्लॅबचं शटरिंग त्यांच्या हातचं. जाऊन बघून ये. मी आल्या आल्या गेले. नव्या नवरीचा उत्साह होता आणि शहरही नवं होतं. खुणा सांगितल्या होत्या त्या अर्ध्या सापडल्या, अर्ध्या नाहीत. जिथे ती असायला हवी तिथे काळ्या काचेचा एक उंच मनोरा होता, तळमजल्याला बँक, वर मॅझनीनला, म्हणजे मधल्या अर्ध्या मजल्यावर, दाताचा दवाखाना. दोनदा गल्ली फिरले, एका म्हाताऱ्या इराणी दुकानदाराला विचारलं. त्याने हाताने 'गेली' अशी खूण केली आणि गिऱ्हाइकाला टॉवेल दाखवायला लागला. पुढच्या मे महिन्यात गावी गेल्यावर चाचांना हे सांगायचं कसं, याची मी वाटेत तयारी करत होते. सांगितलं. ते पडवीत खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "तुटली? बरं." थोडं थांबून विचारलं, "मग आता तिथे किती माळ्यांची आहे?" वीस-बावीस तरी असतील, मी म्हटलं.

"म्हणजे वाढली," चाचा म्हणाले, आणि मला फणस खाऊन जायचा आग्रह करायला लागले.

हे मी कित्येकांना सांगितलं आहे आणि ऐकणारे दर वेळी त्यात काहीतरी विरक्ती शोधतात. मला ती दिसत नाही. चाचांचा व्यवहार पुरा झालेला होता. मजुरी मिळाली, तिचा ड्राफ्ट मुंबईच्या बँकेतून गावी गेला, त्यातून चिरा आला, कौलं उतरून स्लॅब आला, हिरव्या ग्रिलचा जिना आला. इमारत त्यांच्या दृष्टीने खेडमध्ये उभी होती. तिकडची तुटली काय नि राहिली काय, तिथल्या जागेची भरभराट झाली याचं त्यांना खरोखर बरं वाटलं. मला मात्र बरं वाटत नव्हतं. मला ती निळी-पांढरी फरशी हाताने चाचपून बघायची होती.

इथे बराच काळ राहिलेल्या प्रत्येकाकडे अशी एक नसलेल्या जागांची यादी असते. कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, ज्वालामुखीच्या आकाराचं कारंजं होतं, रात्री लाल दिव्यात पाणी उसळायचं. जुन्या भारतीय कुटुंबांच्या अल्बममध्ये त्याच्यापुढे उभं राहून डोळे बारीक केलेला एक फोटो असतोच, आमचाही आहे. २००४ मध्ये ते पाडलं. पुढच्याच वर्षी जुना सूक गेला, जिथे सोन्याच्या दुकानांच्या मागच्या बोळात खिमा-पराठ्याचा वास यायचा आणि शिंपी मापं घेताना मल्याळम गाणी गुणगुणायचे. त्या जागी ब्रिटिश वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांच्या कंपनीने आखलेला नवा बाजार झाला. लाकडी जाळ्यांतून गाळीव ऊन येतं, सुंदरच आहे, मी अनेकदा नुसती बसायला जाते. पण तिथे बसून काही विकत घ्यावं असं वाटत नाही आणि घ्यायचं म्हटलं तर परवडत नाही. आम्ही अजूनही 'टुरिस्ट क्लब' म्हणतो. त्या वस्तीचं अधिकृत नाव आता अल झाहिया, आणि तो क्लब कधीच नाही. पेशावरकडचा पठाण टॅक्सीवाला मात्र टुरिस्ट क्लब म्हटलं की बरोबर नेतो. नव्याने आलेला बांगलादेशी मुलगा मोबाइलवरचा नकाशा पुढे करतो आणि म्हणतो, "ये जगह तो है ही नहीं."

मीना प्लाझाचं प्रकरण वेगळं. बंदराजवळचे ते चार टॉवर वर्षानुवर्षं अर्धवट उभे होते. २७ नोव्हेंबर २०२० च्या सकाळी ते सुरुंग लावून पाडले. मिळून १४४ मजले, १० सेकंद. गिनीज बुकात नोंद झाली, इतकी उंच इमारत सुरुंगाने कुणी पाडली नव्हती म्हणून. आम्ही गच्चीवरून बघितलं. आधी काहीच ऐकू आलं नाही, टॉवर गुडघ्यात वाकल्यासारखे खाली बसले, मग छातीत आवाज आला आणि मग धूळ. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मनातल्या मनात घनमीटर मोजत होते. कुणीतरी, बहुधा माझ्यासारख्याच एखाद्या ऑफिसात, त्या १४४ मजल्यांचं प्रत्येक दार, प्रत्येक नळ बिलात चढवला असेल. उन्हात कुणीतरी तो ओढत वर नेला असेल. त्यात एक रात्रसुद्धा कुणी झोपलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या कॉरिडॉरमध्ये शिरले तेव्हा समोरच्या घरातून तळलेल्या माशांचा वास आला आणि उगीचच धीर आला.

त्या कॉरिडॉरबद्दल सांगायलाच हवं. दुपारी एकला लिफ्टचं दार उघडलं की मजला कुठला ते आकडा न बघता कळायचं. तिसऱ्यावर सांबार. चौथ्यावर इजिप्शियन बाईंच्या मुलूखिया नावाच्या पालेभाजीची लसणाची फोडणी. पाचव्यावर फिलिपिनो नर्सेसचं व्हिनेगरमधलं चिकन, सहाव्यावर माझी आमटी. गोडा मसाला शेजारच्या सीरियन आजींना औषध वाटायचा, त्या एकदा काळजीने विचारायला आल्या होत्या. खाली बकाला, म्हणजे किराणा दुकान. फोन केला की तिथला कासरगोडचा पोरगा एक जुडी कोथिंबीर नि दोन अंडी घेऊनसुद्धा सहा मजले वर यायचा आणि हिशेब वहीत लिहायचा. २०१३ पासून सगळ्या बकाल्यांना एकसारखं रूप घ्यायचा नियम आला. सारखी पाटी, सारखी मांडणी, ठरलेले कप्पे. कितीतरी दुकानदारांना तो खर्च झेपला नाही, ते शटर ओढून गावी गेले. आमच्या पोराने कसंबसं जमवलं. दुकान स्वच्छ दिसायला लागलं, हे नाकारता येणार नाही, पूर्वी तांदळाच्या पोत्यांमागून उंदीर दिसायचा. वही मात्र गेली.

यातलं काहीही कुठल्याही आराखड्यात नव्हतं. आराखड्यात मोठ्या रस्त्याकडेला उंच इमारतींची भिंत आणि आतल्या बाजूला बसकी घरं असे चौकोन आहेत, आणि त्या चौकोनांच्या आतल्या गल्ल्यांत जे घडलं ते राहणाऱ्यांनी घडवलं. कॅफेटेरियाबाहेर हॉर्न वाजवून गाडीतच मागवलेला कडक चहा. पार्किंगसाठी एकामागे एक लावलेल्या गाड्या, काचेवर मोबाइल नंबराची चिठ्ठी. दोन इमारतींमधल्या वाळूच्या पट्ट्यात शुक्रवारी सकाळी टेनिस बॉलचं क्रिकेट. शहर बांधणाऱ्यांना हे सगळं मधल्या काळातलं, तात्पुरतं वाटत असणार. पण मधला काळ पंचवीस वर्षं चालला की त्याला दुसरं काय म्हणायचं?

बांधणारे म्हणताना मी कुणाला म्हणते तेही बघायला हवं. साइटवर उन्हाळ्यात साडेबारा ते तीन काम बंद असतं. १५ जून ते १५ सप्टेंबर, कायदाच आहे. त्या वेळात मी कधी मोजमापाला गेले की तळघरात, जिथे काँक्रीट जरा गार असतं, पुठ्ठे अंथरून ओळीने माणसं झोपलेली दिसतात. सीतामढी, करीमनगर, सिल्हेट, पेशावर. हेल्मेट उशाला, बाटलीवर ओला कपडा गुंडाळलेला. पाच वाजता बस येते आणि त्यांना शहराबाहेर, मुसफ्फाह या औद्योगिक वस्तीतल्या कॅम्पकडे नेते. इमारत पूर्ण झाली, फरशी पॉलिश झाली, लॉबीत फुलदाणी आली की त्यांच्यापैकी कुणी त्या दारातून पुन्हा आत येत नाही. मीही फारशी येत नाही, पण माझी निदान अंतिम बिलावर सही असते. जुनी इमारत पाडताना वेगळी टोळी येते. आधी एसी, दारं, सिंक निघतात आणि मुसफ्फाहच्या जुन्या सामानाच्या दुकानांत जातात; मग काँक्रीट फोडून सळई ओढून काढतात. ती सळई भंगारात वजनावर जाते. मी दोन्ही प्रकारची बिलं केली आहेत. पाडण्याचं बिल एका पानात मावतं.

अलीकडे हवा थोडी बदलली आहे. २०२३ मध्ये सरकारच्या सांस्कृतिक खात्याने तेलानंतरच्या काळातल्या जपण्याजोग्या जागांची यादी काढली, पहिल्या फेरीत ६४ जागा. त्यात मुख्य बसस्थानक आहे. ऐंशीच्या दशकात बल्गेरियन वास्तुकारांनी आखलेलं, हिरवट, सगळे कोपरे गोल केलेलं. नवरा दुबईला इंटरव्ह्यू देऊन परतायचा तेव्हा मी तिथे उभी राहायचे आणि मला ते भयंकर कुरूप वाटायचं. आता ते पाडता येणार नाही हे वाचून मला इतका आनंद का व्हावा, सांगता येत नाही. आमची इमारत अशा कुठल्या यादीत यायचा प्रश्नच नाही. तिला वास्तुकाराचं नाव नाही, कुठला राजा उद्घाटनाला आला नाही, वर दोन कमानी आहेत त्या तेव्हाच्या नियमापुरत्या.

आणि त्याच सुमारास, १४ फेब्रुवारी २०२४ ला, दुबई रस्त्यावर अबू मुरैखाच्या माळावर बीएपीएस या स्वामीनारायण संस्थेचं मंदिर उघडलं. महाराष्ट्र मंडळातल्या बायकांबरोबर गेले होते. गुलाबी दगड राजस्थानातून, कोरून, क्रमांक टाकून जहाजाने आणलेले. जोडकामात लोखंडी सळई नाही. हजार वर्षं टिकावं अशी कल्पना. सगळ्या जणी नक्षीतले मोर बघत होत्या, मी मात्र सांध्यांकडे बघत होते. सळईच नाही म्हणजे गंजायला काही नाही, क्षार आले तरी खातील काय? ज्या अमिरातीत माझी इमारत सव्विसाव्या वर्षी म्हातारी ठरते तिथेच हजार वर्षांचा हिशेब मांडला जातो. नवऱ्याला रात्री फोनवर सांगितलं. समुद्रातून त्याचा आवाज अर्धा सेकंद उशिरा येतो. तो म्हणाला, "जमीन शेखने देणगी दिलेली आहे गं. तिथे भाडं कुठे यायचंय!"

त्याचं बरोबर आहे, आणि त्यातूनच मला नोटिशीवरचा माझा राग तपासून बघावा लागला. मालकाने इमारतीकडे मिळकत म्हणून पाहिलं. आम्ही या शहराकडे काय म्हणून पाहिलं? पहिल्या पगारापासून दरमहा पैसे गावी गेले. इथे आम्ही भिंतीला खिळा ठोकतानासुद्धा डिपॉझिटचा विचार केला. पडदे घेतले ते 'जाताना टाकून देता येतील' असे. सोफा कुणीतरी केरळला परत जाताना विकलेला. आणि तिकडे खाडीपट्ट्यात जांभ्याच्या चिऱ्याचं घर झालं. पुढे पडवी, मागे न्हाणी, वर स्लॅब, इथल्या इमारतींत बघून हौसेने लावलेली निळी काच, खिडक्यांना संगमरवरी पट्टी. चाचांच्या मोहल्ल्यात अशी घरं ओळीने आहेत, आमच्या वाडीतही आता आहेत. बहुतेकांना कुलूप असतं किंवा आत दोन म्हातारी माणसं असतात. चाचांची मुलं दोहा आणि कुवेतला. पंचवीस वर्षं वापरून वापरून झिजवलेली आमची इथली इमारत पडणार आहे, आणि तिकडची, जिच्यात आम्ही सगळे मिळून गणपती आणि मे महिन्यापलीकडे कधी राहिलो नाही, ती माझ्या नातवंडांच्या पुढेही उभी राहील असं तिचं काँक्रीट मी स्वतः करून घेतलं आहे. तेलाच्या पैशाने उभं राहिलेलं शहर नकाशावर मोजायचं तर ही कुलपं लावलेली घरंही त्यात धरायला हवीत, असं मला हल्ली वाटतं. कुणी धरत नाही.

नातूरची सोय झाली आहे. त्याचा व्हिसा मालकाच्या कंपनीवर आहे, त्याला खलिदियातल्या दुसऱ्या इमारतीत पाठवणार आहेत, ती कितवीशीत आहे ते त्याने विचारलेलं नाही. आमचं ठरायचं आहे. नवऱ्याला रीमवरचा एक बेडरूमचा फ्लॅट बघायचा आहे. माझं म्हणणं, इतकं भाडं देऊन तलावात पोहणार कोण, त्यापेक्षा मुसफ्फाहजवळ मोहम्मद बिन झायेद सिटीत जाऊ. तो म्हणतो, तिथे तुझे ते कॉरिडॉरमधले वास मिळणार नाहीत. रीमवर तरी कुठे मिळतात, तिथे प्रत्येक मजल्यावर अत्तर फवारतात.

दरम्यान त्याने गावच्या घरावर आणखी एक मजला चढवायचं काढलं आहे. निवृत्तीनंतर, मुलं आली तर, पाहुणे आले तर. मी अंदाजपत्रक करून दिलं, सवयीने नीटच केलं. चिऱ्याचा गाडीचा दर, वाळू, सळई, गवंड्याची मजुरी, जिन्याचं ग्रिल. मग त्याच कागदावर खाली दुसरा हिशेब मांडला, मजला न चढवता आहे त्या घराला कौलं पुन्हा घालून पडवी मोठी करायचा, निम्म्या पैशात. सासऱ्यांनी दोन्ही आकडे फोनवर ऐकले आणि तिसराच मुद्दा काढला, की आधी विहिरीचा कठडा बांधा, गुरं पडतील. गवंडी म्हणतोय होळीच्या आत काय ते कळवा, नंतर त्याला दापोलीचं काम आहे. आमची त्यावर वादावादी चालू आहे आणि कठड्याचा दर मी अजून काढलेला नाही.